मुलेबाळे घेऊन महासागरावर

समुद्र ओलांडून जायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आगबोट उभी राहते. जुन्या मंडळींना मुंबईहून सुटणारी कोकणची बोट आठवेल. डेकवर सतरंजी पसरून, पोरांना निजवून, डबा सोडून, रात्रभर इंजिनाची धडधड ऐकत केलेला प्रवास आठवेल. पण आज मी ज्या मंडळींविषयी सांगणार आहे, त्यांची होडी तीस-चाळीस फुटांची असते आणि ती शिडावर चालते. इंजिन असले तरी ते बंदरात शिरण्यापुरते. बोटीवरचा तांडेल, खलाशी, भंडारी, डॉक्टर आणि मास्तर, ही सगळी कामे नवरा-बायको दोघांनीच करायची असतात. आणि त्यातच बरोबर असते दोन-तीन वर्षांचे मूल, किंवा खांद्यावर तान्हे.

अशी कुटुंबे दर वर्षी जगाच्या समुद्रांवर हिंडत असतात. युरोपातून निघतात, अटलांटिक ओलांडतात, पनामाच्या कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरतात, बेटाबेटांवर मुक्काम करीत न्यूझीलंड गाठतात. कोणी दोन वर्षांनी घरी परततात, कोणी दहा-दहा वर्षे फिरतच राहतात.

हे ऐकल्यावर आपल्याकडचा माणूस पहिला प्रश्न विचारील तो हाच, की या लोकांना वेडबीड लागलंय की काय? स्वतःला जायचंय तर खुशाल जा, पण ज्याला अजून धड बोलता येत नाही त्या पोराला कशाला ओढता? प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचा निवाडा करण्याआधी या प्रवासात धोका नेमका कुठे असतो, ते समजून घेतले पाहिजे. आपल्या मनात येते ती डोंगराएवढी लाट. लाटा असतात, वादळेही असतात. पण लहान मूल बरोबर असलेल्या होडीचा खरा हिशोब झोपेचा आणि हातांचा असतो. तो कसा, ते सांगतो.

शिडाची लहान होडी बरा वारा असला तर ताशी पाच सागरी मैल चालते. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. चोवीस तासांत १२० मैल झाले. आता आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांपासून वेस्ट इंडिजपर्यंत अंतर आहे सुमारे २,७०० सागरी मैल. म्हणजे साडेबावीस दिवस. पॅसिफिकमध्ये गालापागोस बेटांपासून मार्केसास बेटांपर्यंत अंतर सुमारे ३,००० मैल. तिथे आणखी अडीच दिवस जास्त धरा. या तीन-साडेतीन आठवड्यांत कुठे थांबणे नाही. नांगर टाकावा म्हटले तर खाली तळ कित्येक हजार फूट खोल. होडी दिवसरात्र चालतच राहते, आणि ती चालते आहे तोवर कोणीतरी जागे असलेच पाहिजे. क्षितिजावर दिसलेले मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकते, आणि त्या जहाजावरच्या माणसाला आपली होडी दिसेलच असे नाही.

म्हणून पाळ्या लावतात. तीन तास एक जागतो, तीन तास दुसरा. मूल नसलेले जोडपे रात्री तुटलेली झोप दिवसा भरून काढते. दुपारी ऊन चढले की एकजण ताणून देतो. पण मूल असले म्हणजे काय होते? पाळीवरून उतरलेल्या माणसाला सुटी नसते. तो मुलाच्या पाळीवर जातो. मुलाला भूक लागते, झाडे लागते, शी-शू असते, रडू येते, खेळायचे असते. आणि मूल रात्रभर छान झोपल्यामुळे पहाटे साडेपाचला टवटवीत उठून बसते. म्हणजे होडीवर माणसे दोन दिसत असली तरी कोणत्याही घटकेला होडी चालवायला माणूस एकच असतो. बाळ जन्मले की दोन माणसांची होडी ही एका माणसाची होडी होते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत वाईट. शरीर अजून हेलकाव्यांना सरावलेले नसते, मोठी माणसे ओकत असतात, आणि झोप न झालेले डोके चुका करू लागते. नकाशावरचा आकडा चुकीचा वाचला जातो, गाठ अर्धवट राहते, दिवा लावायचा विसरतो. समुद्रावरच्या पुष्कळ अपघातांचा माग काढत गेले तर वाऱ्यापाशी न पोचता अशा एखाद्या पेंगुळलेल्या माणसापाशीच आपण जाऊन पोचतो.

म्हणून जाणती कुटुंबे मोठ्या पल्ल्यासाठी तिसरा मोठा माणूस बरोबर घेतात. कुणाचा भाऊ येतो, कुणाची मैत्रीण, कुणाचे वडील. आणि आणखी एक बिनपगारी खलाशी असतो, त्याचे नाव वातसुकाणू. होडीच्या पिछाडीला एक पातळ फळी उभी बसवलेली असते. वाऱ्याशी होडीचा कोन बदलला की ही फळी कलते आणि तिच्या कलण्याने सुकाणू आपोआप वळून होडी पुन्हा रेषेवर येते. वीज लागत नाही, खायला लागत नाही, कंटाळत नाही. १९६० साली अटलांटिकवर एकेकट्याने होडी हाकण्याची पहिली शर्यत झाली, तीत ब्लाँडी हॅस्लर या इंग्रज गृहस्थाने आपल्या होडीवर हे यंत्र बसवून दाखवले आणि मग ते सर्वत्र पसरले. आईबापांपैकी एकाला दोन्ही हात मुलासाठी मोकळे मिळाले ते या फळीमुळे.

यंत्रे नव्हती त्या काळीही माणसे मुलांना घेऊन गेली आहेत. जोशुआ स्लोकम हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. पण त्याआधीची त्याची एक सफर मला जास्त विलक्षण वाटते. ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे मालवाहू गलबत वाळूत रुतून मोडले. पदरात पैसा नाही, बरोबर नवी नवरी हेटी आणि पहिल्या बायकोचे दोन मुलगे, व्हिक्टर आणि गारफील्ड. थोरला सोळाच्या घरात, धाकटा जेमतेम सात वर्षांचा. स्लोकमने मोडलेल्या गलबतातले आणि आसपासच्या रानातले लाकूड घेऊन ३५ फूट लांबीची होडी बांधली. हेटीला शिवणकाम येत होते. शिडे तिने शिवली. १३ मे १८८८ रोजी होडी पाण्यात लोटली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, म्हणून तिचे नाव ठेवले ‘लिबेर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य. त्या होडीतून हे चौघे साडेपाच हजार मैल तोडून त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत वॉशिंग्टनला पोचले.

आता या चौघांत हात किती होते ते मोजा. स्लोकम स्वतः मुरलेला दर्यावर्दी. थोरला मुलगा पाळी घेण्याजोगा. हेटी खंबीर. म्हणजे तीन मोठे आणि एक पोर. सात वर्षांचा गारफील्ड सुखरूप घरी आला याचे अर्धे श्रेय मी सोळा वर्षांच्या व्हिक्टरला देतो. हेटीने मात्र पुढे एवढ्या लांबच्या सफरीवर पाऊल ठेवले नाही. जगप्रदक्षिणेला नवरा एकटाच गेला.

आणि हात कमी पडले तर काय होते, त्याचेही उदाहरण सांगायला हवे. पीटर टांगवाल्ड हा नॉर्वेजियन लेखक-दर्यावर्दी आयुष्यभर बिनइंजिनाच्या होडीत राहिला. त्याची मुले होडीवरच वाढली. १९९१ साली कॅरिबियन समुद्रात बोनेर बेटाजवळ रात्री त्याची होडी खडकांवर आदळली. त्या वेळी होडीवर मोठा माणूस तो एकटाच होता, सत्तरीकडे झुकलेला. तो आणि त्याची लहान मुलगी, दोघेही गेली. मागे बांधलेल्या दुसऱ्या होडीत त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा होता, तेवढा वाचला. या गोष्टीवर अधिक बोलवत नाही.

आता मुलाकडे वळू. होडीवर मूल राहते कसे?

पहिली गोष्ट ही, की मूल आपल्या कल्पनेपेक्षा लवकर रुळते. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना बोट सहसा लागतच नाही. हेलकाव्यांचा त्रास सुरू होतो तो त्यानंतर, आणि शाळकरी वयात तो सगळ्यांत जास्त असतो. तान्ह्याला तर होडी म्हणजे एक मोठा पाळणाच. झोपण्याच्या फळीच्या उघड्या बाजूला जाड कापड ताणून वर बांधलेले असते. होडी कितीही कलली तरी मूल त्या कापडाच्या कुशीत पडते, खाली पडत नाही. आपल्याकडची झोळी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. चालायला लागलेल्या मुलाचे काम जरा अवघड. जमीन स्थिर असते हे त्याला माहीतच नसते. ते हलत्या जमिनीवरच चालायला शिकते, आणि बंदरात उतरल्यावर दगडी धक्क्यावर धपकन बसते.

डेकवर यायचे तर मात्र एक नियम, त्याला अपवाद नाही. मुलाच्या छातीभोवती पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला कडी, आणि ती कडी होडीच्या पक्क्या लोखंडी कानात अडकवल्याशिवाय मुलाने दाराबाहेर पाय टाकायचा नाही. आईबापांनीही रात्री एकट्याने वर येताना हेच करायचे. कठड्याला सगळीकडून जाळे बांधलेले असते, आपल्या कोळ्यांच्या जाळ्यासारखेच. कुणी म्हणेल, एवढा काच कशाला, पोर पडलं तर होडी वळवून उचलता येणार नाही का? हिशोब करून पाहा. होडी ताशी सहा सागरी मैल चालली असेल तर सेकंदाला तीन मीटर जाते. ओरडून, धावत येऊन, शिडे सोडवून होडी वळवायला एक मिनिट गेले, तर मूल १८५ मीटर मागे राहिले. मध्ये लाटा. पाण्यावर दिसणार काय, तर नारळाएवढे डोके. म्हणून पडल्यावर काय करायचे यापेक्षा पडू न देणे यावरच सगळी मदार असते.

घरातला अपघात होडीवर येतो तो स्वयंपाकघरात. शेगडी दोन खिळ्यांवर झुलती ठेवलेली असते. होडी कलली तरी ती सपाट राहते. तरीसुद्धा आडवी लाट आली की उकळते पाणी उडते. भाजलेले मूल आणि जवळचा दवाखाना पंधरा दिवसांवर, याची धास्ती लाटेपेक्षा मोठी. यावर दर्यावर्दी बायकांनी शोधलेला उपाय ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तो म्हणजे प्रेशर कुकर! झाकण घट्ट बसते, सांडत नाही, आणि इंधनही कमी लागते. आपल्या घराघरांतली ही शिट्टीवाली वस्तू त्या होड्यांवर सुरक्षेची सामग्री समजली जाते. बाकी शिधा म्हणाल तर तांदूळ, डाळी, पीठ, कांदे-बटाटे, डबाबंद मासळी. अंड्यांना वरून व्हॅसलिन चोळून ठेवले तर ती बरेच दिवस टिकतात. केळ्यांचा हिरवा घड पिछाडीला टांगतात. आठ दिवस एकही पिकत नाही आणि नवव्या दिवशी सगळी एकदम पिकतात. मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ केळी.

पाणी हा मात्र थट्टेचा विषय नाही. पिण्या-रांधण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर चार माणसांच्या पंचवीस दिवसांना ३०० लिटर झाले. अंघोळ, भांडी, कपडे सगळे समुद्राच्या पाण्यात. पण बाळाची लंगोटी खाऱ्या पाण्यात धुऊन तशीच वाळवली तर मीठ राहते आणि बाळाचे अंग सोलवटून निघते. म्हणून पावसाची सर आली की शिडाखाली बादल्या लावून आधी बाळाचे कपडे खळबळून घ्यायचे. अलीकडे समुद्राचे पाणी गोडे करणारी लहान यंत्रे मिळतात. ज्यांना परवडते त्यांची सोय झाली. तरी यंत्र बिघडेल हे धरून टाक्या भरूनच निघतात.

आणि आजारपण. लहान मुलाच्या शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. मोठा माणूस दोन दिवस उलट्या-जुलाब सोसतो. वर्षाचे मूल एका दिवसात मलूल होते. म्हणून या होड्यांच्या औषधपेटीत मीठ-साखरेच्या द्रावणाची पाकिटे असतातच. हा उपाय हजारो माणसांवर सिद्ध झाला तो आपल्याच देशात, १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांच्या हातून. बंगालमधल्या चिखलात शिकलेला धडा आज पॅसिफिकच्या मध्यावर कुणा फ्रेंच बाळाला उपयोगी पडतो.

पण सगळी दुखणी पाकिटाने बरी होत नाहीत. २०१४ साली एक अमेरिकन जोडपे ३६ फुटी होडीतून मेक्सिकोहून पॅसिफिक ओलांडायला निघाले. बरोबर दोन मुली, एक तीन वर्षांची, दुसरी एक वर्षाची. किनाऱ्यापासून सुमारे ९०० मैलांवर धाकटीला ताप आला, अंगावर पुरळ उठले, आणि जवळची औषधे लागू पडेनात. होडीतही बिघाड झाला होता. त्यांनी मदत मागितली. चार बचाव-सैनिक विमानातून हवाई छत्रीने समुद्रात उतरले, पोहत होडीवर चढले आणि त्यांनी मुलीची शुश्रूषा केली. मग आरमाराचे जहाज आले आणि सगळ्यांना घेऊन गेले. मुलगी बरी झाली. होडी मात्र तिथेच बुडवून टाकावी लागली.

त्यानंतर अमेरिकेत केवढे काहूर उठले! सरकारचा पैसा का खर्च व्हावा, सैनिकांनी जीव का धोक्यात घालावा, असल्या आईबापांकडून मुले काढून घ्या, इथपर्यंत लोकांची मजल गेली. दुसऱ्या बाजूने दर्यावर्दी कुटुंबांनी सांगितले की रस्त्यावर मोटारीत मुले रोज मरतात, त्याबद्दल आईबापांना कुणी जाब विचारीत नाही. मला दोन्ही बाजूंचे बोलणे थोडे थोडे पटते आणि पुरते पटत नाही. मोटारीचा अपघात झाला तर दवाखाना असतो. समुद्रावर तो नसतो, आणि ही गोष्ट निघताना ठाऊक असते. पण वर्षाच्या मुलीला ताप चढत असताना लाजेखातर मदत न मागणारा बाप अधिक चांगला ठरला असता काय? त्या दोघांनी वेळेवर हाक मारली, म्हणून मुलगी वाचली.

हाक मारण्याची सोय ही तशी अलीकडची. नारळाएवढे एक यंत्र. कळ दाबली की उपग्रहाकडे संदेश जातो आणि होडीचा ठावठिकाणा जमिनीवर कळतो. १९८२ पासून या योजनेने जीव वाचवायला सुरुवात केली. आपल्याकडे बंगळुरूला तिचे केंद्र आहे. त्याआधी काय होत असे ते रॉबर्टसन कुटुंबाला विचारावे.

डूगल रॉबर्टसन हा स्कॉटिश माणूस पूर्वी व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. मग त्याने इंग्लंडमध्ये दूधदुभत्याची शेती केली. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची चर्चा घरात चालली असता जुळ्या मुलांपैकी एकाने सहज विचारले, बाबा तर खलाशीच आहेत, मग आपण का जात नाही? एवढ्यावरून शेती विकली गेली. १९७१ च्या जानेवारीत ‘ल्युसेट’ नावाची ४३ फुटी जुनी होडी फॅल्मथहून निघाली. अटलांटिक पार झाला. थोरली मुलगी वाटेत बहामाला उतरून राहिली, पनामाला रॉबिन नावाचा एक तरुण पाहुणा चढला. १५ जून १९७२ रोजी गालापागोसच्या पश्चिमेला सुमारे २०० मैलांवर किलर व्हेल जातीच्या देवमाशांनी होडीला खालून धडक दिली आणि पाहता पाहता ती बुडाली. उरला एक रबरी तराफा आणि दहा फुटांच्या आतबाहेरची एक डिंगी. माणसे सहा. त्यांची होडी बुडाली हे जगात कुणालाही ठाऊक नव्हते.

सातव्या दिवशी एक जहाज जवळून गेले. त्यांनी प्रकाशबाण उडवले. जहाजाने पाहिले नाही. तेव्हा डूगलने ठरवले की कुणी येईल म्हणून वाट पाहायची नाही, पावसाच्या पट्ट्याकडे जायचे. तराफा दोन-अडीच आठवड्यांत निकामी झाला, आणि सहाही जण त्या डिंगीत आले. हलले तर पाणी आत येई इतकी ती भरलेली. कासवे पकडून त्यांचे मांस वाळवले, तेल अंगाला लावले, पावसाचे पाणी डब्यांत साठवले. आई लिन ही परिचारिका होती. डिंगीच्या तळाशी साचलेले, कासवाच्या रक्ताने खराब झालेले पाणी पिण्याजोगे नव्हते. ते तिने मुलांना बस्तीने दिले, म्हणजे पोटात विष न जाता अंगाला पाणी मिळावे. अडतिसाव्या दिवशी, २३ जुलैला, जपानी मासेमारी बोटीने त्यांना पाहिले. सहाही जिवंत.

या हकिकतीत लोकांना देवमासा आठवतो. मला त्यातली पाळी आठवते. त्या डिंगीतसुद्धा यांनी पाळ्या सोडल्या नाहीत. एक सुकाणूचे वल्हे धरणार, एक पाणी उपसणार, बाकीचे पाय आखडून झोपणार. डूगल, लिन, अठरा वर्षांचा डग्लस आणि रॉबिन असे चार मोठे होते, म्हणून दोन लहानांना झोप मिळाली. नवरा-बायको दोघेच असते तर ते अडतिसावा दिवस पाहते असे मला वाटत नाही. ती डिंगी आज फॅल्मथच्या नौकानयन संग्रहालयात ठेवलेली आहे.

डूगल निष्काळजी नव्हता, त्याचे नशीब वाईट होते. काही गोष्टी मात्र नशिबावर सोडायच्या नसतात, आणि त्यांत पहिली म्हणजे ऋतू. आपला कोळी आगोटीला होड्या ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरतो, तोच हिशोब जगभर आहे. अटलांटिकच्या चक्री वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. म्हणून कॅनरी बेटांवरून निघायचे ते नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात. दक्षिण पॅसिफिकचा वाईट काळ नोव्हेंबर ते एप्रिल. तो सुरू होण्याआधी न्यूझीलंडच्या आसऱ्याला जायचे. मधल्या चांगल्या महिन्यांत उष्ण कटिबंधात जे व्यापारी वारे वाहतात ते एकाच दिशेने, एकाच जोराने, पाठीमागून येतात. मुले असलेल्या होड्यांचा रस्ता तो हा.

दुसरी गोष्ट म्हणजे नाही म्हणता येणे. माइल्स स्मीटन हा भारतीय सैन्यात नोकरी केलेला इंग्रज अधिकारी आणि त्याची बायको बेरिल. दोघेही हिमालयाची, डोंगरदऱ्यांची नादी. शिडाच्या होडीचा फारसा अनुभव नसताना १९५१ साली दहा वर्षांच्या क्लिओला घेऊन ‘त्झू हँग’ नावाच्या होडीतून ही मंडळी इंग्लंडहून कॅनडाला गेली, उबदार रस्त्याने, पनामावरून. पुढे त्यांना केप हॉर्नच्या थंड, वादळी समुद्रातून जायचा मोह झाला. तेव्हा क्लिओ इंग्लंडमध्ये शाळेत होती. बरोबर तिसरा मोठा माणूस घेतला, तोही हाडाचा सुतार. १४ फेब्रुवारी १९५७ रोजी एका लाटेने होडी पुढच्या टोकावर उभी करून उलथी केली. बेरिल समुद्रात फेकली गेली. डोलकाठ्या मोडल्या, डेकला भोक पडले. तिघांनी पाणी उपसले, भोके बुजवली आणि कशीबशी होडी चिलीच्या बंदराला नेली. क्लिओ त्या दिवशी होडीत असती तर काय झाले असते याचा विचार करवत नाही. त्या समुद्रावर मुलाला नेणे मला कोणत्याही युक्तिवादाने पटणार नाही. व्यापारी वाऱ्याचा रस्ता, योग्य महिना आणि तिसरा माणूस, एवढे असेल तर मी बोट दाखवणार नाही.

शाळेचे काय, हा प्रश्न राहिलाच. त्याची सोय जुनी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने विसाव्या शतकाच्या आरंभीच टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली, आणि दूरदेशी राहणाऱ्या कुटुंबांच्या कितीतरी मुलांनी ते गिरवले. सकाळी तीन तास अभ्यास, मग सुटी. भूगोल तर खिडकीबाहेरच असतो, आणि आज आपण कुठे आहोत हे नकाशावर टिंब देऊन दाखवणे हे पोरांचे आवडते काम. ब्राझीलचे शुरमन कुटुंब १९८४ साली तीन मुलगे घेऊन निघाले, सर्वांत धाकटा सात वर्षांचा, आणि दहा वर्षांनी १९९४ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. मधला डेव्हिड पुढे चित्रपट-दिग्दर्शक झाला. अडचण धड्यांची नसते, सवंगड्यांची असते. बंदरात नांगर पडला की ही मुले आधी विचारतात, इथे कुठल्या होडीवर मुले आहेत? आणि दोन दिवसांत जमलेली मैत्री तिसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर तुटते. ते दुःख आईबापांना वाटते तेवढे किरकोळ नसते.

यातली काही मुले समुद्राचीच होऊन राहतात. लॉरा डेकर न्यूझीलंडच्या बंदरात, आईबापांच्या भ्रमंतीत जन्मली. २००९ साली, तेरा वर्षांची असताना, ती म्हणाली, मी एकटी जगप्रदक्षिणा करते. बाप तयार झाला, पण हॉलंडचे न्यायालय मध्ये पडले आणि मुलीवर सरकारी देखरेख आली. खटला वर्षभर चालला. २०१० साली परवानगी मिळाली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सोळा वर्षांची लॉरा प्रदक्षिणा पुरी करून सेंट मार्टिन बेटावर उतरली.

बहुतेक घरांत इतके टोकाचे काही होत नाही. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की त्याला पहिल्यांदा दिवसाची पाळी देतात, शेजारी मोठे माणूस बसवून. मग तेरा-चौदाव्या वर्षी रात्रीची, चांदणे असेल तेव्हा, दीड-दोन तासांची. काय दिसले तर हाक मारायची, ते सारे वहीत लिहून दिलेले असते. पोर पट्टा बांधून, कडी अडकवून वर बसते, आणि होडी निघाल्यापासून पहिल्यांदाच आई आणि बाप दोघेही एकाच वेळी झोपतात.